मदत हवी आहे: 'अधोहनु' आणि 'हनुवटी'

नमस्कार. नागपुरात दंतवैद्यकाची इंटर्नशिप करते आहे. गावातल्या तपासणी शिबिरासाठी कवटीचा मराठी तक्ता बनवतेय आणि मँडिबलच्या, म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाच्या, नावापाशी अडले.

लॅटिन मूळ सापडलं: 'मांडेरे' म्हणजे चावणे. चावताना हेच हाड हलतं, वरचं मॅक्सिला जागचं हलत नाही, म्हणून नाव फार चपखल वाटतं. मराठीत 'अधोहनु' मिळाला. संस्कृतात हनु म्हणजे जबडा, जबडा धरला की आयुर्वेदात 'हनुग्रह'. पण आपण हनुवटी म्हणतो ती याच हाडाचं पुढचं टोक! ग्रीकमधला 'गेनुस' म्हणजे जबडा आणि इंग्रजी 'चिन' म्हणजे हनुवटी, हे दोन्ही हनुच्याच कुळातले. म्हणजे अर्थ तिकडेही सरकलाय.

शब्दकोशात 'हनु' पाहून झाला. नुसतं 'जबडा' चालणार नाही, तक्त्यावर वरचं हाडही आहे. नावाला जागा दोनच शब्दांची.

व्युत्पत्ती जाणणाऱ्यांनी सांगावं: 'हनुवटी'तला 'वटी' कुठून आला? आणि 'अधोहनु' वाचून गावातल्या आजींना हनुवटीखालचा भाग वाटेल का, की सरळ 'खालचा जबडा' लिहू?