जिनिंगचा चांगला फिटर दर साली दुसरीकडे लागतो, कसा टिकवावा?

कापूसवाला, वणी
नमस्कार मंडळी. वणी तालुक्यात २४ डी.आर.ची (डबल रोलर मशीनची) जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी (बी) काढून रुईच्या गाठी बांधायची मिल. एकूण माणसं २४. खरा भार हेड फिटर, प्रेस ऑपरेटर आणि हाताखालच्या दोघांवर. मार्चअखेर कापूस संपला की सगळे गावी जातात. दसऱ्याच्या तोंडावर फोन केला की कळतं, हेड फिटर आदिलाबादकडे लागला. पगार २२ हजार, वरून ५० हजार उचल देतो. पगार वाढवायची तयारी आहे, पण तेवढ्यानं माणूस थांबेल काय?

रोलरफिटर
भाऊ, माणूस ऑक्टोबरात जात नाही, एप्रिल ते जूनमध्ये जातो. तेव्हा मिल बंद, घरात पैसा नाही आणि बियाणं, खत, शाळेची फी सारं जूनलाच येतं. त्याच वेळी दुसरा मालक पैसे घेऊन दारात उभा असतो. म्हणून वाढीव पैसा बंदच्या महिन्यांत द्या.

सीझनमध्ये २ हजार वाढवले तर ६ महिन्यांचे १२ हजार जातात आणि एप्रिलमध्ये प्रश्न जिथल्या तिथं. त्यापेक्षा एप्रिल, मे, जून अर्धा पगार द्या, ११ हजारांप्रमाणे ३३ हजार. जुलैपासून पूर्ण पगारावर ओव्हरहॉलिंगला बोलवा. ते काम तसंही करायचंच असतं: रोलर उतरवून चामड्याच्या वॉशर बदलणं, ग्रूव्हिंग (रोलरवर खाचा पाडणं), चाकूंना धार, बेअरिंग, पट्टे. बरेच मालक हे सप्टेंबरात बाहेरच्या टोळीकडून घाईनं उरकतात. मग बसवणारा एक, चालवणारा दुसरा. स्थिर चाकूचा रोलरवरचा दाब कमी राहिला की सरकीला रुई चिकटूनच जाते. हलत्या चाकूची सेटिंग चुकली की सरकी फुटते, तुकडे रुईत येतात आणि गाठीचा भाव पडतो. ज्यानं सेटिंग केली तोच सीझनभर समोर असला, तर आवाजावरून त्याला बिघाड कळतो. ३३ हजारांत हे विकत मिळतं.

पैसे ठरल्या तारखेला बँकेतच टाका. एक महिना जरी चुकला तरी तो दुसरीकडे शब्द देऊन मोकळा होईल.

प्रेसहाऊस
उचलीचा भरवसा धरू नका. चांगल्या फिटरची उचल नवा मालक एका दिवसात फेडतो, त्यामुळे उचलीत तोच अडकतो ज्याला बाहेर कोणी विचारत नाही. उचल फिटेपर्यंत माणसाला अडवून धरणं १९७६ च्या वेठबिगार कायद्यात बसतं. आधार किंवा मार्कशीट ठेवून घेण्याचा तर विचारही नको.

त्याऐवजी गाठीमागे रक्कम लावा. समजा सीझनला १२ हजार गाठी निघतात, तर २ रुपयांप्रमाणे २४ हजार. पण नुसत्या गाठी मोजल्या तर ओला कापूसही रेटला जातो, मशीन चोक होतं, रुई खराब निघते. म्हणून बंद पडलेल्या तासांची वही ठेवा आणि तास वाढले की दर कमी. वही रोज फिटरच्याच सहीनं भरा, नाहीतर शेवटी भांडण होतं. निम्मी रक्कम महिन्याच्या महिन्याला, निम्मी ओव्हरहॉलिंगला हजर झाल्यावर. हे आधी कागदावर लिहून घ्या.

कापूसवाला, वणी
पीएफ कापला की हातात कमी येतं, म्हणून माणसंच नको म्हणतात. काय करावं?

हिशेबनीस
दादा, २० माणसं झाली की पीएफ लागू. १५ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना सक्तीच आहे, त्यांच्या नकाराला अर्थ नाही. २२ हजारांचा फिटर आधी सभासद नसेल तर दोघांच्या संमतीनं घेता येतो, आणि घ्याच. १५ हजारांपर्यंतच्यांसाठी तुम्ही भरता त्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात; २२ हजारांवर नव्यानं सभासद झालेल्याचे मात्र सगळे पीएफमध्येच जमतात. पेन्शनला १० वर्षं सेवा लागते, आणि हंगामी कामगाराची वर्षातली सेवा कमी भरली तरी पूर्ण वर्ष धरली जाते. हे ज्याच्या-त्याच्या बायकोसमोर बसून समजावा, कारण गाव सोडायचं की नाही हे घरात ठरतं.

ग्रॅच्युइटी हंगामी मिलमध्ये वर्षभर कामावर नसलेल्याला दर सीझनला ७ दिवसांची. २२ हजार मूळ पगार धरला तर २६ ने भागून ७ ने गुणा, सुमारे ५,९०० रुपये होतात. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सेवा लागते, आणि त्यात वर्ष धरायला मिल चालू असलेल्या दिवसांपैकी ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून हजेरीपट नीट ठेवा.

ईएसआयमधून (कामगार विमा योजनेतून) निव्वळ जिनिंग-प्रेसिंगची हंगामी मिल वगळलेली आहे. मात्र त्याच आवारात सरकीची ऑइल मिल बारमाही चालवत असाल तर ती सूट धरून बसू नका. ईएसआय नसेल तर अपघाताची भरपाई मालकावर येते, तेव्हा त्याची पॉलिसी घ्याच. शिवाय प्रत्येकाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख.

रोलरफिटर
आणखी एक. १२ तासांची पाळी चालवता तर वरच्या तासांचे दुप्पट पैसे लावा. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपायला पत्र्याची खोली देऊ नका, मार्चमध्ये आत टिकाव लागत नाही. झोप झाली नाही की हात रोलरमध्ये जातो.

हाताखालच्या दोघांपैकी एकाला याच जुलैपासून सेटिंग शिकवा, आणि हेड फिटरला त्याबद्दल महिन्याला वेगळे १,५०० द्या. पैसे नाही दिले तर तो शिकवणार नाही, त्याची जागा जाईल असं त्याला वाटेल.

बोलणी महाशिवरात्रीच्या आसपास उरका. होळीनंतर आदिलाबादची माणसं फिरायला लागतात.