आल्याच्या पिकात तोटा आला म्हणजे शेतकऱ्याची हाव?

कोरेगावचा_वाफा: परवा इथं कुणीतरी लिहिलं, "भाव चढला की सगळे आलंच लावतात, पडला की सरकारच्या नावानं रडतात. ही हाव आहे." गप्प बसायचं ठरवलं होतं, पण राहवेना. २०२३ ला भाव चढले, कबूल. पण पुढच्या लावणीला बेणंही चढ्याच भावानं घ्यावं लागलं ना? एकरी आठ-दहा क्विंटल, म्हणजे आपल्या पाचशे किलोच्या मापानं जवळपास दोन गाड्या आलं आधी मातीत घालायचं. वर शेणखत, ठिबक, माती मोकळी करायची उटाळणी, बुंध्याला माती लावायची भरणी. माल निघणार नऊ-दहा महिन्यांनी. भाव पडला की मोठा बागायतदार आलं रानातच राखतो आणि पुढच्या साली जुनं म्हणून विकतो. दीड एकरवाल्याला मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज भरायचं असतं. तो मिळेल त्या भावात काढून मोकळा होतो. ह्यात हाव कुणाची?

हिशेबी_माणूस: ते वाक्य माझंच आणि मी ते मागे घेत नाही. सातारा, संभाजीनगरकडचं कन्नड, खुलताबाद, पलीकडे कर्नाटक, सगळीकडे एकदम क्षेत्र वाढल्यावर भाव टिकेल कसा? अर्धं रान घेवड्याला ठेवायला कुणी अडवलंय?

कोरेगावचा_वाफा: घेवड्यावर मुलीचं कॉलेज होत नाही, दादा.

पेठेतला: आमच्या घरी आडत आहे, म्हणून मला शिव्या बसणार, बसू देत. २०२४ ला नवं-जुनं आलं वेगळं करून नव्याला कमी भाव देऊ नका म्हणून आंदोलन झालं. नव्या आल्यात पाणी जास्त, साल कोवळी. हाताळताना सोलपटतं, लांब पाठवलं तर वजन घटतं. ती घट कुणी सोसायची?

माण_नदीकाठ: घट सोसू नका, पण प्रतवारी आमच्यासमोर करा! बांधावर सौदा एका भावाचा होतो. गाडी भरत आली की म्हणायचं, "ह्यात नवं निघालं, भाव कमी लागंल." उपटलेलं आलं परत पुरता येतं का? मागच्या हंगामात माझ्या डोळ्यांदेखत चांगला पंजाएवढा गड्डा मोडून नवं बाजूला टाकलं आणि संध्याकाळी तेच पोत्यात भरलं.

पेठेतला: असं करणारे आहेत, नाही म्हणत नाही. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

खंडानं_कसणारी: भाव, भाव! जमिनीचं कुणी बोलतंय का? एकदा कंदकूज लागली की त्या रानात तीन-चार वर्षं आलं घेता येत नाही. दोन एकरवाल्यानं काय करायचं? दुसऱ्याचं रान खंडानं, म्हणजे सालाचं ठरलेलं भाडं देऊन घ्यायचं. आमच्या घरचं आलं असंच असतं. खंड आगाऊ आणि करार तोंडी. सातबारा मालकाचा, म्हणून पीककर्ज आम्हाला नाही. अतिवृष्टीत सरीत पाणी साचून आलं पिवळं पडलं, पंचनामा झाला आणि भरपाई मालकाच्या खात्यात. मागायला गेले तर "जमीन माझी" म्हणाला. कुजलेले कंद मी हातानं उपसले होते.

वतनाची_जमीन: ताई, मालकाचीही बाजू ऐका. १९४८ च्या कुळकायद्यात आजोबांचं रान कसणाऱ्या कुळाच्या नावावर गेलं. लेखी दिलं आणि उद्या कसणाऱ्यानं कुळ म्हणून रानावर हक्क सांगितला तर? म्हणून कागद करत नाही.

खंडानं_कसणारी: तुमच्या आजोबांची भीती मी का भरायची? एका सालाच्या खंडानं कोण कुळ लावून बसतंय? भरपाई घेताना बरी भीती वाटत नाही!

वतनाची_जमीन: आवाज खाली. भरपाई कसणाऱ्यालाच द्यायला हवी, हे मान्य. कागद मात्र मी करणार नाही.

हिशेबी_माणूस: विषय आल्याचा होता, कुळकायद्याचा नाही.

कोरेगावचा_वाफा: तोच विषय आहे. खंड आधी दिलेला माणूस घेवडा लावून तो खंड फेडणार का? त्याला आलंच लावावं लागतं. ह्यालाच तुम्ही हाव म्हणता.

हिशेबी_माणूस: खंडवाल्यांपुरतं तुमचं खरं धरतो. स्वतःचं रान असून शेजाऱ्याचं बघून लावणाऱ्यांना मी हावरेच म्हणणार.

माण_नदीकाठ: म्हणा. पण कसणाऱ्याच्या खात्यात भरपाई कशी येईल, ते आधी कुणीतरी सांगा. पाऊस तोंडावर आलाय आणि आमच्या गावात यंदाही निम्मं आलं खंडाच्याच रानात आहे.