मदत हवी आहे: गेलिक ठिकाणनावांचे अर्थ नकाशात कसे नोंदवायचे?

स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची नावं ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, भरतेय. गेलिक (तिथली जुनी केल्टिक भाषा) रूप ‘नेम:जीडी’ टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या ठरावीक रकान्यात, जातं, तिथे अडचण नाही. अडलंय अर्थापाशी. डोंगरांच्या नावांतलं ‘बेन जेरग’ म्हणजे तांबडा डोंगर, हे सरळ. पण कार्बोस्ट या गावाच्या नावातलं ‘बोस्ट’ मुळात जुन्या नॉर्सचं, म्हणजे वायकिंगांच्या भाषेचं, शेतवाडी या अर्थाचं. गेलिकमध्ये ते नंतर रुळलं. अशा नावाला नुसतं गेलिक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

नावाच्या व्युत्पत्तीचा ‘नेम:एटिमॉलॉजी’ टॅग पाहिला, पण तो जास्त करून कुणाच्या नावावरून ठिकाणाचं नाव पडलं यासाठी वापरलेला दिसतो. ‘डिस्क्रिप्शन’ या वर्णनाच्या टॅगमध्ये लिहिलं तर अर्थ वेगळा शोधता येत नाही. संदर्भासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेची एकोणिसाव्या शतकातली नेम बुक्स (ठिकाणनावांच्या नोंदवह्या) आहेत, त्यामुळे आणखी स्रोत सुचवायला नकोत. कॉपीराइट असलेली माहितीही उतरवायची नाही.

एका नावाचे दोन संभाव्य अर्थ, मूळ भाषा आणि स्रोत हे सगळं वेगवेगळं शोधता येईल असं कुठल्या टॅगांत लिहावं?