नऊ आठवडे पूर्ण झाले. आता अंतर वाढवावे की वेग?

कोथरूडकर:
जानेवारीत सुरू केलेला ‘काउच टू फाइव्ह के’ हा नवशिक्याला सलग पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा, ॲपवरचा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम मी मागच्या रविवारी पूर्ण केला. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावून दीड मिनिट चालतानाही मला धाप लागत असे आणि पाचव्या आठवड्यात एकदम सलग वीस मिनिटे धावायची वेळ आली तेव्हा तो आठवडा पुन्हा करावा लागला. आता मात्र मी तीस मिनिटे न थांबता धावते. तरीही तेवढ्या वेळात अंतर ३.८ किलोमीटरच भरते, त्यामुळे पाच किलोमीटर झाले असे म्हणायला मन धजत नाही. कार्यालयातील मंडळी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला चल म्हणून मागे लागली आहेत. माझे वय ४४ आहे. खरी अडचण अशी की, ॲपवरच्या सूचना संपल्यापासून या आठवड्यात दोनदा बूट घातले आणि तसेच काढून ठेवले.

तळजाईकर:
वेगाच्या मागे आत्ता लागू नका. तुमचा वेग किलोमीटरला साधारण आठ मिनिटे आहे, म्हणजे पाच किलोमीटरला चाळीस मिनिटे लागतील. हा प्रश्न फक्त दहा मिनिटांचा आहे. आठवड्याचे तीन दिवस तसेच ठेवावेत, त्यांतील दोन दिवस तीस मिनिटेच धावावे आणि रविवारी तेवढी पाच मिनिटे वाढवावीत, तीही सोबत कोणी असल्यास पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या सावकाश गतीने. दम काही आठवड्यांत वाढतो, पण नडगीचे हाड आणि टाचेमागची कंडरा यांना सरावायला महिने लागतात, आणि नवशिक्याची फसगत नेमकी इथेच होते. मी स्वतः पाच किलोमीटरवरून सहा आठवड्यांत दहा किलोमीटरवर गेलो. नंतर नडगीच्या आतल्या कडेला नुसते बोट टेकवले तरी कळ येई, आणि धावणे दोन महिने बंद राहिले.

साताऱ्याबद्दल म्हणाल, तर तिथे जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा असतो आणि परतताना तोच उतरायचा असतो. उताराने मांड्या कशा भरून येतात, ते दुसऱ्या दिवशी जिना उतरताना समजते. एकवीस किलोमीटरची पहिली शर्यत सपाटीवर करावी.

पहाटवारा:
तळजाईकरांचे गणित मान्य आहे, परंतु काढून ठेवलेल्या बुटांवर त्यात उत्तर नाही. कार्यक्रम होता तोवर पुढचा दिवस ठरलेला असे. तो आधार गेल्यावर पुढे एखादी तारीख हवीच. मुंबईत जानेवारीत होणाऱ्या टाटा मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटरचाही गट असतो, आणि पुण्यातही थंडीत त्या अंतराच्या शर्यती होतात. त्यांपैकी एक आजच ठरवून टाका. आता एप्रिल-मे येईल, तेव्हा साडेपाचला घराबाहेर पडा आणि उन्हाळ्यात वेग घटला तर घड्याळाकडे दुर्लक्ष करा. चाळीस मिनिटांत मध्ये दोनदा मिनिटभर चाललात तरी चालेल. त्यात कमीपणा नाही.

कोथरूडकर:
दोघांचेही आभार. साताऱ्याला यंदा नकार कळवला असून थंडीतील दहा किलोमीटरची शर्यत पक्की केली आहे. आज रविवारी पस्तीस मिनिटे धावले, ४.४ किलोमीटर झाले. मात्र वाचलेले आठवून उजव्या नडगीवर बोट दाबून पाहिले, तर आतल्या बाजूला किंचित दुखते आहे.

तळजाईकर:
मग दोन-तीन दिवस धावणे थांबवा आणि सपाटीवर नुसते चाला. दाबून पाहिल्यावर दुखणे पूर्ण गेलेले असेल, तरच तीस मिनिटांवर परत या, आणि पुढच्या रविवारी काही वाढवू नका. एकाच ठिकाणी टोचल्यासारखे दुखू लागले किंवा चालतानाही जाणवले, तर मात्र वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बूट किती जुने आहेत, तेही कळवा.