ओन्डान्सेट्रॉन आणि नैराश्याची शंका

सेरोटोनिन हे मन प्रसन्न ठेवणारे रसायन असेल, तर ते अडवणाऱ्या ओन्डान्सेट्रॉन या मळमळ-उलटीवरील औषधामुळे नैराश्य येणार नाही का, ही शंका स्वाभाविक असली तरी तिचा पाया थोडा चुकला आहे. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे, तर आतड्यात असते. केमोथेरपीने आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशी दुखावल्या, की त्या सेरोटोनिन सोडतात, ते आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवरील ग्राहींना (रसायनाचा संदेश टिपणाऱ्या जागांना) चिकटते आणि मेंदूतील वांतिकेंद्राकडे संदेश जातो. ओन्डान्सेट्रॉन सेरोटोनिन नष्ट करत नाही, तर त्याच्या अनेक ग्राहींपैकी ५-एचटी३ हा एकच प्रकार अडवते. प्रवासातील मळमळ मुख्यतः कानातील तोलाच्या यंत्रणेतून उद्भवत असल्याने तिथे हे औषध फारसे उपयोगी पडत नाही.

या औषधाची जिभेवर विरघळणारी गोळी तोंडातूनच रक्तात जाते, हा समजही चुकीचा आहे. ती लाळेबरोबर पोटात जाऊन आतड्यातूनच शोषली जाते.

माझ्या मते नैराश्यापेक्षा बद्धकोष्ठता आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका, विशेषतः रक्तातील पोटॅशियम कमी असताना, अधिक विचारात घ्यावा. ५-एचटी३ अडवणाऱ्या याच गटातील ॲलोसेट्रॉन हे जुलाबप्रधान आतड्याच्या विकारावरील औषध मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा खालावल्याच्या तक्रारींमुळे २००० साली अमेरिकेत मागे घेतले गेले आणि २००२ मध्ये, केवळ तीव्र त्रास असलेल्या स्त्रियांसाठी, कडक अटींवर परत आले.