डीएच ८८ कॉमेटचा दोन पिचचा प्रॉपेलर जेएसबीसिममध्ये कसा बसवायचा?

उजळाईवाडी_रनवे
१९३४ च्या मॅकरॉबर्टसन (लंडन ते मेलबर्न) हवाई शर्यतीतलं डी हॅव्हिलँड कॉमेट विमान फ्लाइटगियर या सिम्युलेटरसाठी करतोय; उड्डाणाचं गणित त्यातल्या जेएसबीसिममध्ये. ब्लेंडरमधलं थ्रीडी मॉडेलचं काम झालंय, अडलंय रातिए कंपनीच्या प्रॉपेलरवर. त्याच्या पात्यांना दोनच कोन (पिच): उठताना कमी कोनाचा फाइन, वेगात जास्त कोनाचा कोर्स. वेग १५० झाला की फाइनवरून कोर्स, असा स्विच लावलाय. बदल फार उशिरा होतो, आणि उतरताना वेग पडला की पिच परत फाइन. शिवाय कोल्हापुरातून टाक्या भरून उठवलं तर धावपट्टी पुरत नाही. चुकतंय कुठं?

पाना_१२
उशीर युनिटमुळं. मूळ आकडा ताशी १५० मैलांचा, म्हणजे १३० नॉट. जेएसबीसिममधलं वेगाचं व्हेरिएबल व्हीसी-केटीएस नॉटमध्ये असतं.

पिच हवेत परत फाइन होताच कामा नये. उड्डाणाआधी सायकलच्या पंपानं हवा भरून पाती फाइनला आणायचे. स्पिनरच्या टोकाला एक चकती असायची. समोरच्या वाऱ्यानं ती दाबली गेली की हवा निघून जायची आणि पाती कोर्सला जायची. मग उतरून पुन्हा पंप मारेपर्यंत कोर्सच.

म्हणून स्विचला आधीची स्थिती लक्षात राहिली पाहिजे. पहिली अट: इंजिन बंद, चाकांवर भार, पंपाची कमांड १, तर ० (फाइन). दुसरी: वेग १३० वा जास्त, तर १ (कोर्स). डिफॉल्टला (दोन्ही अटी लागू नसतील तेव्हा) त्याच स्विचचं आउटपुट द्या. कॉन्स्टस्पीड (आपोआप पिच बदलण्याची सेटिंग) ० करून ब्लेड-अँगल, म्हणजे पात्याचा कोन, या स्विचवरून चालवा, मध्ये रेट-लिमिट (बदलाच्या वेगाला मर्यादा) घाला, नाहीतर आरपीएम उडी मारतो. दोन्ही इंजिनांचे स्विच वेगळे ठेवा. दोन चकत्या एकाच क्षणी दबतील असं नाही, आणि एक आधी दबली की नाक वळतं.

गिअरबॉक्स_कोल्हापूर
सी-पॉवर आणि सी-थ्रस्टची (प्रॉपेलर किती शक्ती खातो आणि किती ओढ देतो याची) टेबलं तपासा भावा. पिचचा एकच कॉलम असेल तर पातं फिरूनही काही बदलणार नाही.

धावपट्टीचं म्हणाल तर कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ साधारण ६०० मीटर (२,००० फूट) उंचीवर. ३५ अंशाला हवा विरळ होते, त्या घनतेच्या हिशेबानं ती उंची जवळपास ५,००० फूट होते. कॉमेटच्या जिप्सी सिक्स आर इंजिनाला सुपरचार्जर (जादा हवा कोंबणारा पंप) नाही, त्यामुळं २३० अश्वशक्तीतली दोनशेच्या आतच हाती लागते. भरल्या टाक्या शर्यतीतल्या बगदाद ते अलाहाबादसारख्या टप्प्यांसाठी होत्या, चाचणीला अर्ध्या पुरे. इंधन मात्र एकाच बिंदूवर ठेवू नका: दोन मोठ्या टाक्या कॉकपिटच्या पुढं, छोटी मागं. ती मागची ट्रिमसाठीच (विमानाचा तोल साधायला) वापरायची.

उजळाईवाडी_रनवे
स्विच बसला, लई आभार. आता टच अँड गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उड्डाण) केलं की कोर्सवर विमान उचलतच नाही. टेबल बिघडलं का?

पाना_१२
नाही, तसंच व्हायला हवं. कमी वेगात कोर्स पाती स्वतःच स्टॉल होतात. अॅडव्हान्स रेशो (विमानाचा वेग आणि प्रॉपेलरच्या फिरण्याचं गुणोत्तर) शून्याजवळ असताना कोर्सचा सी-थ्रस्ट वाढवून ते सोपं करू नका. पुन्हा उठायचं असेल तर थांबा, इंजिन बंद करा, पंप मारा.