मदत हवी आहे: मोकळ्या कोंबड्यांमधला मलेरिया स्लाइडवर कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांमध्ये मलेरियाचे परजीवी किती प्रमाणात आहेत, हे मी तपासते आहे. कोंबड्या वरवर ठणठणीत दिसतात. फक्त काहींचा तुरा फिकट पडलाय आणि विष्ठा हिरवट आहे. त्याच मला जास्त खटकतात.

गिम्सा रंग देऊन रक्ताच्या स्लाइड बनवल्या, पण अडले ते ओळखण्यात. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे त्याला चिकटून बसलेला बारीक ठिपका प्लाझमोडियम जक्स्टान्यूक्लिअर या मलेरियाच्या परजीवीचा की रंगाचा डाग, हे ठरवता येत नाही. प्लाझमोडियम गॅलिनेशियम त्यामानाने ठसठशीत दिसतो, आणि तोच कोंबड्यांना जास्त घातक. हिमोप्रोटियस या पक्ष्यांच्या रक्तातल्या दुसऱ्या परजीवीमध्येही प्लाझमोडियमसारखेच तपकिरी रंगकण असतात, त्यामुळे गोंधळ होतो. रक्तात विभागणाऱ्या अवस्था दिसल्या तर तो प्लाझमोडियम, हे माहीत आहे. पण परजीवी इतके विरळ आहेत की त्या अवस्था सापडतच नाहीत.

दुसरी अडचण मोजणीची. जुनाट संसर्गात स्लाइड कोरी दिसते, म्हणजे नुसत्या सूक्ष्मदर्शकावर काढलेला आकडा कमीच येणार. मग सगळे नमुने पीसीआरला (परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला) द्यावेत, की फक्त कोऱ्या स्लाइडचे? सायटोक्रोम बी या जनुकावर आधारलेल्या पीसीआर चाचणीत हिमोप्रोटियसही सकारात्मक येतो, त्याचं काय करता? पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या वेगळ्या मोजाव्यात का?

हा मलेरिया माणसांना होत नाही, तेव्हा ती काळजी नाही. जीव तुटतो तो पिल्लांसाठी. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.